गजरीच्या मुरघासाचा पंचनामा

जालना जिल्ह्यात माझ्याइतकी प्रशिक्षणं घेतलेला शेतकरी दुसरा कोणी असेल तर त्याने समोर यावं, मी त्याच्या गळ्यात हार घालायला तयार आहे! आमच्या बैठकीच्या भिंतीवर दहा प्रमाणपत्रं लटकलेली आहेत. मधमाशीपालन, अळिंबी, गांडूळखत, शेततळ्यातली मासोळी, सगळं शिकून बसलोय. आता मधमाश्या पहिल्याच आठवड्यात निघून गेल्या, अळिंबी वाफ्यात न उगवता गाद्यांच्या थप्पीत उगवली आणि मासे बगळ्यांनी खाल्ले, ही गोष्ट वेगळी. प्रमाणपत्रं जागेवर आहेत ना!

आमच्या वंदनाचं यावर वेगळं मत आहे. भिंत झाडताना ती म्हणते, "अवो, आता जागा उरली न्हाई. पुढलं परशिक्षण घ्यायच्या आधी एक भिंत बांधून घ्या."

वंदना म्हणजे माझी बायको. राजूर आणि हसनाबादच्या मधे आमचं छोटं गाव आहे आणि त्या गावात मला लोक "वंदनाताईंचा मालक" म्हणून ओळखतात. यात मला कमीपणा वाटत नाही. म्हणजे फारसा वाटत नाही. तिच्याकडे एकच म्हैस आहे, गजरी. पण गजरीच्या दुधाचा रतीब बारा घरी जातो आणि अंगारकीला राजूरच्या गणपतीला गावातून जो पेढ्यांचा नैवेद्य जातो, तो याच दुधाचा, वंदनाच्याच हातचा. धार काढण्याआधी ती स्वतः हातपाय धुते, गजरीची कास कोमट पाण्याने धुते आणि मला गोठ्याबाहेर उभं करते.

हे झालं दूध. दुसरी गोष्ट दारूची. मागच्या वर्षी गावातलं देशीचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. वंदनाने घरोघरी फिरून आडवी बाटली निवडून आणली! दुकानाला कुलूप लागलं. मग ओढ्याकाठच्या हातभट्टीची, काळ्या गुळाच्या रसायनाने भरलेली मडकी तिने महिला मंडळ घेऊन स्वतःच्या हाताने फोडली. तेव्हापासून दूध म्हणजे वंदनाताई आणि दारूबंदी म्हणजेही वंदनाताई. तिचं गावातलं नाव या दोन गोष्टींवर उभं आहे. आणि ही दोन्ही नावं एकाच दुपारी धोक्यात आणण्याचं काम ज्याने केलं, तो मी.

झालं असं, की तालुक्याला अकरावं प्रशिक्षण होतं. विषय होता टाकाऊपासून स्वस्त पशुखाद्य. डॉक्टर राजानंद साळवे शिकवायला होते. काय बोलतो तो माणूस! म्हणाले, "रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एक कारखाना असतो. कोंबडीच्या विष्ठेतला नत्र आपल्या काही कामाचा नाही, पण त्या पोटातले जिवाणू त्याचं प्रथिन करतात. ब्रॉयलरच्या शेडमधलं कोरडं खत घ्या, मक्याची कुट्टी घ्या, गुळाचं पाणी शिंपडा, ड्रममध्ये दाबून हवाबंद करा. एकवीस दिवसांत मुरघास तयार!"

मी खुर्चीतून उठायचाच बाकी होतो. सरकी पेंडीच्या भावाने आमच्याकडे म्हशीपेक्षा माणसंच जास्त रवंथ करायची. आणि इकडे मित्राच्या शेडमध्ये पोत्यांनी खाद्य पडलेलं! प्रमुख पाहुण्यांना घाई होती म्हणून प्रमाणपत्रं सकाळीच वाटून झाली. विषय माझ्या हातात आलेलाच होता. त्यामुळे दुपारच्या सत्राला मी थांबलो नाही, प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करायला गेलो.

वंदनाला सांगायचं का, हा प्रश्न होता. जी बाई मला आंघोळ करूनसुद्धा गजरीजवळ येऊ देत नाही, तिला सांगायचं की तुझ्या म्हशीला आपण आता कोंबड्यांचं हे खाऊ घालणार? मी ठरवलं, आधी दूध वाढवायचं, मग सांगायचं. वंदना रोज दुपारी दोन तास समाजमंदिरात बचत गटाच्या पापडांच्या कामाला जाते. ते दोन तास माझे.

त्या मित्राच्या, म्हणजे भारतच्या शेडमधून मी चार पोती कोंबडीखत उचललं.

"कशाला पायजे रे?" त्याने विचारलं.

"मिरचीला टाकतो."

"तू मिरची कुठं लावली?"

"लावनार हाय!"

मग गूळ. खायच्या गुळाची गरज नव्हती, म्हणून मी भोकरदनच्या बाजारात जाऊन काळा गूळ मागितला. दुकानदाराने आधी मला पाहिलं, मग रस्ता पाहिला आणि आवाज उतरवून म्हणाला, "किती ड्रमाचं काम हाय?"

त्याचं ज्ञान पाहून मी खूश झालो. "दोन ड्रम."

"जागा आडबाजूला हाय ना?"

"गोठ्यामागं. कोनाला दिसत न्हाई. जनावरासाठी हाय हो!"

"हां हां," तो डोळा मिचकावून म्हणाला, "सगळे जनावरासाठीच नेतेत."

परतताना काळीपिवळीत शेजारच्या उषाकाकू भेटल्या. वय साठ, नजर विशीची. महिला मंडळात वंदनाच्या उजव्या हाताला बसतात.

"मच्छिंद्र, एवढा काळा गूळ! घरात कोन बाळंत झालं?"

"न्हाई काकू, असाच. थोडं काम करून राह्यलो." आणि मग मी जे वाक्य बोललो, ते परत घ्यायची सोय असती तर मी अकराही प्रमाणपत्रं देऊन ते परत घेतलं असतं. मी म्हणालो, "काकू, पन वंदनाला सांगू नका बरं!"

काकूंनी गुळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा सगळा रस्ता त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दुपारी मी गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत दोन ड्रम भरले. खत चाळलं, पिसं वेचली, कुट्टी मिसळली, गुळाचं पाणी शिंपडलं, ड्रममध्ये उतरून पायांनी तुडवलं. वरून प्लास्टिक, त्यावर ट्यूबचा रबर आणि खोलीला कुलूप! वंदनाने संध्याकाळी विचारलंच.

"खोलीला कुलूप कशाला लावलं?"

"उंदरं लई झाले."

"उंदरं दार उघडून येतेत का?"

मी जेवणाकडे लक्ष दिलं.

दोन आठवड्यांत वास सुटला. गोडसर, आंबूस, जरासा उग्र. मुरघास चांगला मुरतोय याची ही खूण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते त्यांनी मला सांगितलं होतं, गावाच्या नाकाला नाही! आणि या गावात एक नाक असं होतं, जे देशीचं दुकान बंद झाल्यापासून वर्षभर रिकामं हिंडत होतं. कारभारी! त्याची साधारण तेराव्या दिवसापासून आमच्या कुंपणावर बैठक सुरू झाली.

"मच्छिंद्रभाऊ, काम कुठवर आलं?"

"कसलं काम?"

"आता आपल्यापासून लपवता का? वास येऊन राह्यला ना भाऊ. बराबर जमलंय. गूळ जरासा जास्ती झाला, पन चालते."

मला वाटलं, गड्याला मुरघासातलं कळतं. गावात एक तरी जाणकार भेटला! मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "एकवीस दिवस मुरवायचं हाय."

"एकवीस!" कारभारीने कपाळाला हात लावला. "एवढा दम तर दुकानवालाबी काढत नव्हता. मंग भाऊ, ड्रम उघडलं की पयला मान आपला."

"तुला कशाला? तुझ्याकडं एक जनावर न्हाई."

"मी हाय की!"

मी पोट धरून हसलो. कारभारी हसला नाही. तो कुंपणावरून उतरला आणि, नंतर कळलं त्याप्रमाणे, पारावर जाऊन मोठ्या आदराने माझं नाव घेऊ लागला.

एकविसाव्या दिवशी ड्रम उघडला. काय माल होता! तपकिरी, मऊ, ओलसर, गोड वासाचा. वंदना पापडांना गेली की मी एक घमेलं गजरीच्या गव्हाणीत टाकायचो आणि कोणी बघायच्या आत वावराकडे पसार व्हायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ! चौथ्या दिवसापासून दूध वाढलं. पाचव्या दिवशी खुद्द उषाकाकू म्हणाल्या, "दूध लई घट्ट येऊन राह्यलं गं वंदना." मी कॅलेंडरच्या मागे आलेख काढला. रेघ वर, वर, सरळ वर! डॉक्टरांना बोलवायचं, फोटो काढायचा, आता प्रमाणपत्र घ्यायचं नाही, लोकांना वाटायचं, असं सगळं माझ्या मनात ठरलं.

फक्त एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं नाही. आठ दिवस वंदना माझ्याशी बोलत नव्हती. ती बोलत असली की घर सुरक्षित असतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, पण आलेखाच्या नादात विसरलो.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी घमेलं भरत होतो. बाहेर पावलांचा आवाज आला. एकदोन पावलांचा नाही, मिरवणुकीचा! दारात येऊन पाहतो तर महिला मंडळाच्या तीस बाया, त्यांच्या मागे हवालदार अण्णासाहेब, त्यांच्या मागे निम्मं गाव आणि सगळ्यांच्या पुढे मुसळ घेतलेली माझी वंदना!

"साहेब," ती हवालदारांना म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे, "हे घर माझंच हाय. दुसऱ्याचे मडके फोडले, मंग माझ्या घरचं झाकून ठिवू का? करा पंचनामा."

खरं सांगतो, मला त्या क्षणी एकाच वेळी तिचा अभिमान वाटला आणि पळून जावंसंही वाटलं. पण खोलीला दार एकच होतं.

अण्णासाहेबांनी वही उघडली आणि वाचत वाचत लिहू लागले. "गोठ्यामागील खोलीत... दोन ड्रम... गूळमिश्रित रसायन..."

"रसायन न्हाई साहेब! मुरघास हाय!"

"मुरघासाला कुलूप?"

"उंदरं..."

"अन् काळा गूळ?" उषाकाकू पुढे आल्या. "मी सोता पाह्यला! वर मला म्हनला, वंदनाला सांगू नका!"

"कारभारी तर पारावर म्हनत होता, एकवीस दिवस मुरवून राह्यले!" मागून कोणीतरी म्हणालं.

आता माझी अडचण लक्षात घ्या. दारू नाही, हे सिद्ध करायचं तर आत काय आहे ते सांगावं लागणार. ते सांगितलं तर दूध गेलं. आणि न सांगावं तर दारूबंदीवाल्या वंदनाताईंच्या गोठ्यात भट्टी! कुठलाही रस्ता धरला तरी काळं फासलं जाणार होतं ते माझ्या तोंडाला नाही. माझ्या तोंडाला फासायला फारशी जागाच उरली नव्हती. फासलं जाणार होतं तिच्या नावाला.

"पंच लागतील," अण्णासाहेब म्हणाले. "वास वळखनारा मानूस पायजे."

गर्दी आपोआप बाजूला झाली आणि मधल्या वाटेने कारभारी आला. वर्षभरात त्याला एवढा मान मिळाला नव्हता. त्याने टोपी सारखी केली, ड्रमपाशी वाकला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि कोणी काही म्हणायच्या आत मूठभर माल काढून तोंडात टाकला!

"कारभारी!" मी ओरडलो.

त्याने हाताने मला गप्प केलं. सगळं गाव त्याच्या जबड्याकडे बघत होतं. तो सावकाश चावत होता.

"गोड हाय," तो म्हणाला. "आंबट बी हाय. दाताला जरा तूस लागून राह्यलं." मग आणखी एक मूठ घेतली. "खात्री करतो साहेब. कायद्याचं काम हाय." दुसरी मूठ संपली. त्याचा चेहरा पडला. "न्हाई साहेब. ही दारू न्हाई. बिलकुल न्हाई. पोतंभर खाल्लं तरी चढनार न्हाई."

वंदनाच्या हातातलं मुसळ खाली आलं. तिने डोळे पुसले. माझ्याकडे पाहून आठ दिवसांनी ती पहिलं वाक्य बोलली.

"मंग हे हाय तरी काय?"

"हां भाऊ," कारभारी बोटं चाटत म्हणाला, "काय हाय सांगा. चव चांगली हाय."

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "मका हाय. गूळ हाय. अन् कोंबडी..."

"कोंबडी?" अण्णासाहेबांची पेन्सिल थांबली. "कोंबडीची काय भानगड?"

"कोंबडीखत."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कारभारीला कळलं. त्याने आपल्या तळव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हशीच्या हौदाकडे धावत सुटला. कारभारीला इतकं पाणी पिताना गावाने कधीच पाहिलं नव्हतं.

अण्णासाहेबांचा काही विश्वास बसेना. "दारू लपवायला एवढं घान खोटं बोलते का रे?" मी त्यांना डॉक्टर साळव्यांचा नंबर दिला. त्यांनी सगळ्यांसमोर फोनचा स्पीकर लावला.

"खरं आहे साहेब!" डॉक्टरांचा आवाज सगळ्या गोठ्यात घुमला. "असं पशुखाद्य करतात. वा, मच्छिंद्रराव! तीस जण होते, पण करून बघितलं तुम्ही एकट्यानेच!"

माझी छाती फुगली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वंदनाच्या चेहऱ्यावरसुद्धा काहीतरी हललं. डॉक्टरांनी एवढ्यावर फोन ठेवला असता तर आज मी ही गोष्ट वेगळ्या रुबाबात सांगितली असती.

"फक्त दुपारच्या सत्रात सांगितलं ते पाळताय ना?" डॉक्टर पुढे म्हणाले. "दुधाच्या जनावराला अजिबात द्यायचं नाही. कोंबड्यांच्या औषधांचा अंश दुधात उतरू शकतो. आणि माल तपासून घेतल्याशिवाय तर कुठल्याच जनावराला नको. हॅलो? मच्छिंद्रराव? हॅलो?"

मच्छिंद्ररावांनी हातातलं घमेलं हळूच पाठीमागे लपवलं.

"म्हंजे..." उषाकाकूंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे आठ दिस आमी..."

"माझ्या नातीला पाजलं गं माय!"

"दूध घट्ट, दूध घट्ट म्हनून मी डबल घेतलं!"

"अन् मंगळवारी अंगारकी हाय! हे दूध देवाला जानार व्हतं!"

बारा घरांच्या बारा तऱ्हा सुरू झाल्या. कोणी थुंकत होतं, कोणी रतीब बंद म्हणत होतं. वंदना पांढरीफटक पडली. ती मला रागावली असती, मुसळ घेऊन धावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गजरीकडे बघत उभी होती. मला फार वाईट वाटलं. या बाईने पहाटे उठून, कास धुऊन धुऊन, एकेका घराचा विश्वास कमावला होता आणि मी तो घमेल्याने गव्हाणीत ओतला होता. मी म्हणालो, "वंदना, चूक माझी हाय. सगळ्यांसमोर सांगतो, तिला यातलं काईच म्हाईत नव्हतं."

"थांबा!" वंदना एकदम म्हणाली. "तुमी हे गजरीला कवा घालत होते?"

"रोज. तू पापडाला गेली की."

"गव्हानीत? घमेल्यानं?"

"हो."

तिने मोठा श्वास सोडला. मग ती बायांकडे वळली आणि आवाज चढवून म्हणाली, "काकू, थुकू नका. गजरीनं यातला एक घास खाल्ला न्हाई!"

"असं कसं?" मी म्हणालो. "गव्हान रोज साफ असायची!"

"मी करत होते साफ! रोज पापडाहून आले की गव्हानीत हे आंबलेलं पडेल दिसायचं अन् गजरी तोंड फिरवून उभी. मला वाटलं, भट्टीचा चोथा म्हशीला घालून राह्यले. मी तो उचलून उकिरड्यावर टाकायचे, गव्हान धुवायचे अन् भावानं आनून दिलेली सरकी पेंड घालायचे. त्याच्यावरूनच तर मला तुमचा संशय आल्ता!"

"पयल्या दिवसापासून?" उषाकाकूंनी कडक आवाजात विचारलं.

"पयल्या दिवसापासून, काकू. गनपतीची आन."

गावाचा शपथेवर विश्वास बसला, पण अण्णासाहेब कायद्याचे. त्यांनी मूठभर मुरघास गजरीच्या तोंडापुढे धरला. तिने एकदा हुंगलं, जोरात फुरफुर केलं, त्यांच्या वर्दीवर शिंतोडे उडवले आणि मान फिरवून माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मीच नजर खाली घातली. मग सगळे उकिरड्यावर गेले. तिथे आमच्या गावरान कोंबड्या माझा मुरघास मोठ्या आनंदाने उकरत होत्या. माझ्या प्रयोगाचं सगळं खाद्य जिथून निघालं होतं, तिथेच परत पोचलं होतं! आणि कॅलेंडरमागची ती वर वर जाणारी रेघ माझ्या मेव्हण्याच्या पेंडीची होती.

पहिल्यांदा उषाकाकू हसल्या. मग सगळ्या बाया हसल्या. वंदनाही हसली, डोळे पुसत पुसत. पंचनामा मात्र सुरू केलेला होता, तो पुरा करणं भाग होतं. अण्णासाहेबांनी हौदाकडे बघत बघत शेवटची ओळ लिहिली. "सदर ठिकाणी दारू मिळून आली नाही. जे मिळून आले, त्याच्या चवीबद्दल पंचाने अधिक बोलण्यास नकार दिला."

मंगळवारी पेढे राजूरला गेले. एकही रतीब तुटला नाही, उलट शेजारच्या वाडीतली चार घरं वाढली. मी दुरूनच, गोठ्यापासून मोजून वीस पावलांवर, ही प्रगती बघत असतो.

दूध विकायचं तर प्रत्येकजण काहीतरी गुण सांगतो. कोणी म्हणतं आमची म्हैस मुऱ्हा आहे, कोणी म्हणतं आमच्या दुधात थेंबभर पाणी नाही. आमची वंदना यातलं काहीच सांगत नाही. नवीन गिऱ्हाईक दारात आलं की ती माप भरता भरता एवढंच म्हणते, "आमचे हे गोठ्यात येत न्हाईत."

आणि गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "मंग ताई, अर्धा लिटर वाढवूनच टाका!"